दूध बाधलं

आमच्या खानदेशात तान्ह्या पोराचं पोट बिघडलं, अंगावर पुरळ उठलं किंवा पोर रात्रभर किरकिर करू लागलं, की घरातल्या म्हाताऱ्या एका वाक्यात निदान करून मोकळ्या होत. "पोऱ्याले दूध बाधनं." पुढे वैद्याकडे जायचं, डॉक्टरकडे जायचं की भगताकडे, ते मागाहून ठरे.

मी जन्मभर मराठी आणि इतिहास शिकवला, त्यामुळे असा शब्द समोर आला की त्याची उलटतपासणी केल्याशिवाय राहवत नाही. अन्नाचं आणि शरीराचं जमत नाही हे सांगायला आपल्याकडे किती क्रियापदं आहेत बघा. पचत नाही, सोसत नाही, मानवत नाही, बाधतं. शिवाय वांगं खाल्लं की कुणाच्या अंगावर 'उठतं'. (आमच्या जळगावच्या भरिताची वांगी सोडून, असं माझे जळगावकर नातेवाईक म्हणतील. असो.) डॉक्टर मंडळी आज अ‍ॅलर्जी वेगळी आणि इनटॉलरन्स वेगळा असं समजावून सांगतात. आपल्या भाषेत हा भेद जवळजवळ तयार होता. एक अन्न नुसतं सोसत नाही आणि दुसरं बाधतं. पण लहान मुलांच्या बाबतीत सगळं एकाच 'बाधलं'मध्ये जमा झालं. आणि या शब्दाला एक शेपूट आहे. बाधा म्हणजे भुताखेताचीही. बाधा म्हटली की 'कोणाची?' हा प्रश्न लगेच येतो, आणि दुधाची बाधा म्हटली की बोट आईकडे जातं.

हे सगळं आठवण्याचं कारण म्हणजे आमच्या नात्यातलं एक सात महिन्यांचं बाळ. त्याला वरचं दूध सुरू केल्याबरोबर ओठ सुजले, अंगभर गांधी उठल्या, उलट्या झाल्या. डॉक्टरांनी गाईच्या दुधातल्या प्रथिनाची अ‍ॅलर्जी सांगितली. घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर ही बातमी आली आणि तासाभरात तीन प्रकारचे सल्ले आले. शेळीचं दूध द्या. आईनेच काहीतरी उलटसुलट खाल्लं असेल. आणि तिसरा नेहमीचा, "आमच्या वेळी नव्हती ही असली थेरं." यातला तिसरा सल्ला देणारे माझ्याच वयाचे आहेत, म्हणून त्यांना उत्तर द्यायचा मला अधिकार आहे. आमच्या वेळी काय होतं आणि काय नव्हतं, ते जरा तपासून बघू या.

अ‍ॅलर्जी हा शब्द 1906 साली जन्मला. व्हिएन्नाचे बालरोगतज्ज्ञ क्लेमेन्स फॉन पिर्के यांनी तो दोन ग्रीक शब्द जोडून बनवला. अर्थ साधारण 'बदललेली प्रतिक्रिया'. घटसर्पासारख्या रोगांवर घोड्याच्या रक्तापासून केलेली लस मुलांना टोचत, तेव्हा दुसऱ्या खेपेला काही मुलांचं शरीर भलतंच बिथरायचं. हे पिर्के आणि त्यांचे सहकारी बेला शिक यांनी पाहिलं होतं. त्याआधी 1902 मध्ये फ्रान्सच्या शार्ल रिशे यांनी कुत्र्यांवर असाच अनुभव घेतला होता. पहिल्यांदा सोसलेलं विष दुसऱ्यांदा अगदी थोडं दिलं तरी जीव जात होता. त्यांना 1913 चं नोबेल मिळालं. इतिहासाच्या शिक्षिकेला एक योगायोग सांगितल्याशिवाय राहवत नाही. याच 1906 साली इंग्रज सरकारने आमच्या खानदेश जिल्ह्याचे दोन तुकडे केले. पूर्व खानदेशचं ठाणं जळगाव, पश्चिमचं धुळे. तिकडे शब्द जुळत होता आणि इकडे जिल्हा फुटत होता.

आता 'दूध बाधलं'च्या गाठोड्यात काय काय होतं ते सोडवू. एक तर ही खरी अ‍ॅलर्जी. दुधातल्या प्रथिनाला शरीर शत्रू समजतं आणि त्याच्यावर तुटून पडतं. दुसरी गोष्ट दुधातल्या साखरेची, म्हणजे लॅक्टोजची. ती पचवणारा पाचकरस आतड्यात असतो, आणि जगातल्या बहुसंख्य लोकांत तो बालपण सरता सरता कमी होतो. हे शास्त्रज्ञांच्या नीट ध्यानात आलं ते 1965 च्या सुमारास, अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्समध्ये. आमच्या शाळेत तेव्हा परदेशी पावडरचं दूध वाटत. पातेल्यात घोळलेलं ते दूध पिऊन वर्गातली निम्मी पोरं पोट धरून बसायची आणि गुरुजी म्हणायचे, फुकटचं पचत नाही! ते बाधणं बहुधा हेच असावं. पण तान्ह्या बाळाचं तसं नसतं. आईच्या दुधात गाई-म्हशीच्या दुधापेक्षा ही साखर जास्तच असते, आणि ती पचवायची सोय बाळ जन्मतःच घेऊन येतं. जन्मापासून ती नसणं फार फार विरळा. हां, जोराचे जुलाब झाले की आतड्याचं अस्तर खरवडलं जातं आणि काही दिवस दूध सोसत नाही. तेव्हा आमच्या आज्या मोठ्या पोराला दूध बंद करून ताकभात द्यायच्या. ताकात साखर कमी झालेली असते. कारण माहीत नसताना उपाय बरोबर होता.

शेळीच्या दुधाचं मात्र तसं नाही. शेळीच्या आणि म्हशीच्या दुधातली प्रथिनं गाईच्या दुधासारखीच असल्यामुळे, ज्याला गाईचं बाधतं त्याला बहुतेक वेळा हीही बाधतात. गंमत म्हणजे गाढविणीचं दूध त्यातल्या बहुतेक मुलांना चालतं, असं इटलीतल्या डॉक्टरांनी पाहिलं आहे. आमच्या गल्लीत गाढवीण घेऊन "गाढविणीचं दूऽऽध" असं ओरडत येणारे लोक आठवतात ना? चमचाभर दुधाला ते भरपूर पैसे घेत. त्या कच्च्या चमच्याने काही साधत नसे, उलट जंतूंची धास्ती. पण कुठल्या जनावराकडे बघायचं, हा अंदाज गमतीशीर आहे खरा.

'आमच्या वेळी नव्हतं' म्हणणाऱ्यांना एका ठिकाणी मात्र मी पुरे गुण देते, आणि ते म्हणजे शेंगदाणे. इंग्लंड-अमेरिकेत मुलांमधली शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी वाढत गेली, तेव्हा तिथल्या तज्ज्ञांनी 1998 आणि 2000 साली सल्ला दिला की, अशी शक्यता असलेल्या मुलांना तीन वर्षांपर्यंत दाणे दाखवूच नका. त्याने काही अ‍ॅलर्जी कमी झाली नाही, आणि 2008 पर्यंत सल्ला मागे घ्यावा लागला. मग लंडनच्या गिडियन लॅक यांनी 640 तान्ह्या मुलांवर मोठा प्रयोग केला. अर्ध्यांना लहानपणापासून दाण्याचे पदार्थ दिले, अर्ध्यांना पाच वर्षांपर्यंत दिले नाहीत. 2015 मध्ये निकाल आला: ज्यांनी खाल्ले त्यांच्यात अ‍ॅलर्जी सुमारे 80 टक्क्यांनी कमी. भाजीत कूट, चटणीत कूट, खिचडीत कूट अशा घरात रांगणाऱ्या खानदेशी पोराला हा निकाल सांगायची गरज नाही. (अख्खा दाणा मात्र लहान मुलाच्या हाती देऊ नये, घशात अडकतो. आणि ज्या बाळाला आधीच गजकर्णासारखा खरबरीत इसब किंवा अंड्याची अ‍ॅलर्जी आहे, त्याला डॉक्टरांना विचारूनच.) अमेरिकेतल्या नातवंडाच्या शाळेने 'डब्यात शेंगदाणे नको' अशी चिठ्ठी पाठवली, तेव्हा आमच्या घरात दाण्याच्या चटणीला दुखवटा पाळला गेला होता. पण चिठ्ठी पाठवणाऱ्या शाळेचंही बरोबरच आहे. ज्या मुलाला ती अ‍ॅलर्जी असते, त्याच्या जिवाशी खेळ असतो.

आता गाठोड्याच्या तळाशी असलेली गोष्ट. ती ना अ‍ॅलर्जी, ना इनटॉलरन्स, पण नाव तेच पडलं होतं. ती सांगण्यासाठीच खरं तर लिहायला बसले.

माझ्या मावशीचं सासर धुळ्याकडचं. खाऊनपिऊन सुखी घर, दावणीला दोन गाई. 1957 ते 1961 या काळात तिचे दोन मुलगे गेले. पहिला सव्वा वर्षाचा, दुसरा त्याहून थोडा मोठा. दोघांचंही एकच. आधी पोर चिडचिडं झालं, जेवेना, मग पोट नगाऱ्यासारखं फुगलं, हातपाय काड्या, डोळे पिवळे. लोक म्हणत "लिव्हर झालं". तेव्हा तान्ह्या मुलांचं 'लिव्हर' हे घरोघरी माहीत असलेलं दुखणं होतं; मद्रासहून येणारं जम्मींचं लिव्हर क्युअर लोक टपालाने मागवत. पहिला गेल्यावर सासूने ठरवलं की मावशीचं दूधच वाईट आहे. याला जुना आधारही होता. चरकसंहितेत आईच्या दुधाचे आठ दोष सांगितले आहेत. तिथे निदान त्यावर उपचारही सांगितलेत, पण आमच्या माजघरापर्यंत फक्त दोष तेवढे पोचले. म्हणून दुसऱ्या मुलाला दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यातच तिच्यापासून तोडलं आणि गाईचं दूध सुरू केलं. घरचं, चांगलं, दाट, पितळेच्या तपेल्यात तापवून त्यातच ठेवलेलं. बोंडल्याने पाजलेलं. तोही गेला. मग मावशी 'पोरं खाणारी' ठरली. तिसरी मुलगी झाली. मुलीसाठी कोण तपेलंभर दूध तापवतं? ती दीड वर्ष आईच्याच अंगावर वाढली. ती आज आहे, आजी झाली आहे.

आता त्या आजाराचा इतिहास. कलकत्त्यातून त्याची पहिली नोंद 1887 साली झाली. पुढे त्याला 'इंडियन चाइल्डहूड सिर्‍हॉसिस' म्हणू लागले, कारण तो जवळजवळ भारतातच दिसे. सहा महिन्यांपासून तीन-चार वर्षांपर्यंतची मुलं. एका मुलाला झाला की पाठच्या भावंडालाही होण्याची भीती. मुलग्यांत जास्त. अगदी गरिबांपेक्षा मध्यम, गाई-म्हशी बाळगणाऱ्या घरांत जास्त. आणि एकदा पोट फुगलं की बहुतेक मुलं काही महिन्यांत जात. नव्वद वर्षं डॉक्टर विषाणू, कुपोषण, आनुवंशिकता असं एकेक शोधत राहिले.

1970 च्या दशकाच्या शेवटी अशा मुलांच्या यकृताचे तुकडे तपासताना त्यात तांबं सापडलं. थोडंथोडकं नव्हे, निरोगी यकृतापेक्षा कितीतरी पटींनी. हे तांबं आलं कुठून? पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. आनंद पंडित आणि डॉ. शीला भावे यांनी इंग्लंडच्या डॉ. स्टुअर्ट टॅनर यांच्याबरोबर या प्रश्नाचा माग काढला. त्यांनी केलेली गोष्ट साधी होती. त्यांनी आयांना विचारलं. बाळाला वरचं दूध कधी सुरू केलं? कुठल्या भांड्यात तापवलं? कशात ठेवलं? 1983 साली त्यांनी 'लॅन्सेट'मध्ये मांडलं की, फार लवकर सुरू केलेलं आणि पितळेच्या किंवा तांब्याच्या भांड्यातून तांबं उतरलेलं जनावराचं दूध हे या आजाराचं कारण असू शकेल. 1987 मध्ये आजारी मुलं आणि तशाच घरांतली निरोगी मुलं यांची तुलना आली. आजारी मुलांच्या घरी पितळेच्या भांड्यातलं दूध कितीतरी जास्त वेळा आणि कितीतरी लवकर दिलं गेलं होतं. त्याच सुमारास पेनिसिलामाइन हे तांबं शरीराबाहेर काढणारं औषध देऊन पाहिलं, आणि आजार लवकर सापडलेली काही मुलं वाचू लागली. पुढे अशा घरांत पितळेचं भांडं बंद करून पाहिलं. पाठच्या भावंडांत आजार दिसेना.

यातली रसायनाची बाजू माझ्यासारख्या बीए मराठीवालीला कळली ती अशी. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. कल्हई नसलेल्या पितळेत दूध तापवलं आणि तासन्‌तास ठेवलं, की दुधातलं केसिन तांबं धरून ठेवतं. मोठ्या माणसाचं यकृत जादा तांबं पित्तातून बाहेर टाकतं. तान्ह्या बाळाच्या यकृतात मुळातच तांब्याचा साठा जास्त असतो आणि बाहेर टाकायची यंत्रणा अजून कच्ची. त्यात दिवसातून पाच-सहा वेळा हे दूध. प्रत्येक पितळी घरात आजार होत नसे, म्हणजे काही मुलांची उपजत प्रवृत्ती असावी. सगळ्या डॉक्टरांना तांब्याची ही उपपत्ती पटली असंही नाही. विरोधात लिहिणारे पुढेही होते. पण ऑस्ट्रियात टिरोल नावाचा डोंगराळ भाग आहे, तिथे 1900 ते 1974 या काळात 138 तान्ही मुलं अशाच आजाराने गेल्याचं 1996 साली प्रसिद्ध झालं. तिथेही गाईचं दूध, तिथेही बिनकल्हईची तांब्याची भांडी, आणि भांडी बदलल्यावर तिथूनही आजार गेला. तिथल्या आयांना तर आपल्या चरकाचं नावही माहीत नव्हतं.

मला यात सर्वांत खटकतं ते दुसरंच. बिनकल्हईच्या पितळेत अन्न बिघडतं, हे आपल्या बायकांना ठाऊक नव्हतं का? पुरेपूर ठाऊक होतं! त्यासाठी खास शब्द आहे, कळकणे. ताक कळकलं, आमटी कळकली, चिंचेचं सार कळकलं. दारावर कल्हईवाला आला, की आधी आमटीची पातेली आणि ताकाची भांडी बाहेर निघत. भात्याने फुललेला विस्तव, नवसागराचा धूर, कथलाचा थेंब आणि कापसाचा बोळा फिरला की भांडं आतून चांदीसारखं व्हायचं. दुधाच्या तपेल्याचा नंबर मात्र शेवटी लागे, पैसे उरले तर. कारण दूध आंबट नाही आणि ते कळकल्याचं कुणाला जिभेवर जाणवत नसे. जे जिभेला कळलं त्याची काळजी घेतली गेली. जे कळलं नाही, त्याचा दोष आईच्या दुधाला.

हॉलंडची एक गोष्ट इथे आठवते. तिथले बालरोगतज्ज्ञ विलेम डिके यांच्याकडे, पोषण होत नाही, पोट फुगतं, जुलाब थांबत नाहीत अशी मुलं यायची. 1930 च्या दशकात एका तरुण आईने त्यांना सांगितलं की, पाव बंद केला की माझं मूल सुधारतं. एखादा डॉक्टर हसला असता. डिकेंनी ते डोक्यात ठेवलं. 1944-45 च्या हिवाळ्यात, महायुद्धात, हॉलंडमध्ये धान्य मिळेनासं झालं. लोक ट्यूलिपचे कंद खाऊ लागले आणि देश उपाशी असताना ही मुलं मात्र सुधारली. पाव परत आल्यावर पुन्हा खालावली. 1950 साली त्यांनी प्रबंध लिहिला की दोष गव्हाचा. हाच तो ग्लूटेनचा सिलिअ‍ॅक आजार. उत्तर भारतातल्या मुलांमध्ये तो असल्याचं 1966 साली डॉक्टरांनी दाखवलं. (आमची दादरची भाकरी या परीक्षेत पास. ज्वारीत ग्लूटेन नसतं.) पुण्यात काय, हॉलंडमध्ये काय, आईला आरोपीच्या पिंजऱ्यातून काढून साक्षीदाराच्या जागी उभं केल्यावर काम पुढे सरकलं.

1990 नंतर कधीतरी एका वर्तमानपत्राच्या पुरवणीत मी पुण्याच्या या कामाबद्दल वाचलं. कात्रण घेऊन मावशीकडे गेले. ती तेव्हा सत्तरीला आली होती. मी सगळं वाचून दाखवलं, जमेल तसं अहिराणीत समजावलं. तिने भांड्याबद्दल एकही प्रश्न विचारला नाही. बराच वेळ गप्प राहून एवढंच म्हणाली, "म्हंजे मन्हं दूध चांगलं व्हतं." सासू जाऊन तेव्हा वीस वर्षं झाली होती. कात्रण मावशीने ठेवून घेतलं. तिला वाचता येत नव्हतं.

तो आजार आज तरुण डॉक्टरांना पुस्तकातच भेटतो. त्याला घालवलं ते बरंचसं स्टीलच्या भांड्यांनी, आणि स्टील घेताना कुणाच्या मनात यकृताचा विचार नव्हता. घासायला सोपं, कल्हईचा खर्च नाही, भांडेवाली जुनी लुगडी घेऊन देते, एवढंच. आता मात्र तांब्या-पितळेची भांडी पुन्हा घराघरांत येऊ लागली आहेत. 'आजीच्या स्वयंपाकघरातलं आरोग्य' अशा जाहिराती मलाही येतात. मोठ्यांनी काय वापरावं त्यात मी पडत नाही. कल्हई करून घेतली तर पितळेच्या पातेल्यातल्या वरणाची चव मलाही आवडते. पण नात्यात दोन बाळंतपणं येऊ घातली आहेत, आणि बारशाला पितळेचं बोंडलं नि छोटं तपेलं द्यायचा बेत कुणीतरी ग्रुपवर टाकला आहे. भेट चांगली आहे. शोकेसमध्ये ठेवा. बाळाला पहिले सहा महिने आईचंच दूध, आणि पुढे वरचं दूध द्यायची वेळ आली की स्टीलच्या भांड्यात. कल्हईवाला आमच्या गल्लीत शेवटचा कधी आला होता, ते मला आता आठवतही नाही.